सरांची करवली

पेट्रोल पंपावरून जाताना सर श्वास रोखून धरत. लांबून पंप दिसला की छातीत हवा भरून घ्यायची, तोंड मिटायचं आणि पंप मागे पडला की मोठा सुस्कारा सोडायचा. बोलणं चालू असेल तर वाक्य मध्येच थांबे आणि पंपापलीकडे गेल्यावर पुढच्या शब्दापासून सुरू होई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना दमा असावा. मी पर्समधून लवंग काढून दिली. त्यांनी ती परत केली.

"ताई, आज नमुन्याचा दिवस. आज लवंगही नको."

"पण तुम्ही श्वास रोखल्यानं बाटलीला काय फरक पडतो?" मी विचारलं.

"बिलकुल नाही पडत," ते म्हणाले. "पण मला आठवण राहते."

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी तेव्हा वाराणसीत नुकतीच आले होते आणि पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत लागले होते. माझं काम नमुने स्वीकारण्याचं. बाटली कुठून आली, कोणी भरली, बर्फात होती का, झाकण घट्ट आहे का, हे पाहायचं. मला असल्या कामाची आवड आहे. वाणसामानापासून लेकीच्या लसींपर्यंत माझ्या घरात सगळ्याच्या याद्या असतात. त्यामुळे माणूस विक्षिप्त आहे म्हणून मला त्याची अडचण होत नाही. विक्षिप्तपणाला नियम असले की मी ते लिहून काढते आणि कामाला लागते. सरांच्या बाबतीत मात्र नियम लिहून झाले तरी कुतूहल संपेना.

सर आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ. रामघाटामागच्या गल्लीत, पौरोहित्य करणाऱ्या मराठी घरात जन्मलेले. थोरले बंधू वेदशास्त्रसंपन्न, पाठशाळेत शिकवायचे. सर रसायनशास्त्राकडे वळले, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत आणि बंधू गेल्यावर वहिनी व पुतण्याबरोबर त्याच घरात राहिले. प्रयोगशाळेतली मंडळी त्यांना 'पंडितजी' म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत, "पंडित हमारे भाईसाहब थे. हम तो फेल हैं." मंडळी मान डोलावत आणि पुन्हा पंडितजीच म्हणत.

त्यांची मराठी ऐकायला मजा येई. पोथीतलं 'किंबहुना' आणि नाक्यावरचं 'बिलकुल' तिच्यात शेजारी शेजारी बसत. "किंबहुना मी तर म्हणेन की तो मीटर एकदम बेकार आहे," असं ते सहज बोलून जात.

त्यांचा खास विषय होता पेट्रोलमध्ये मिसळली जाणारी द्रव्यं. इंजिनात पेट्रोल नीट जळावं, खडखड होऊ नये, म्हणून त्यात काही काही घालतात. त्यांतल्या एकाचं नाव एमटीबीई. पंपाची जमिनीखालची टाकी गळू लागली की पेट्रोलचे बाकीचे घटक मातीला चिकटत, रेंगाळत जातात. हे द्रव्य रेंगाळत नाही. ते पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर पुढे निघून जातं. त्यामुळे शेजारच्या बोअरमध्ये बहुधा तेच आधी पोचतं आणि अगदी थोडं असलं तरी पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव येते. अशा पाण्याचे नमुने घेणं नाजूक काम असतं. बाटली काठोकाठ भरायची आणि झाकण लावल्यावर आत हवेचा एवढासाही बुडबुडा राहता कामा नये, कारण द्रव्य पाण्यातून उडून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. सर प्रत्येक बाटली उलटी करून तिच्यावर बोटानं टिचकी मारत आणि डोळे बारीक करून बघत.

ही सवय हातात इतकी मुरली होती की एकदा आमच्याकडे चहाला आले असताना त्यांनी बोलता बोलता माझी लोणच्याची बरणी उलटी करून टिचकी मारली. टेबलक्लॉथवर तेलाचा ओघळ आला. सर ओघळाकडे न बघता बरणीकडे बघत म्हणाले, "हवा आहे आत."

"लोणच्यात असू दे हो!" माझा नवरा म्हणाला.

नमुन्याच्या दिवसाच्या त्यांच्या नियमांना ते सोवळं म्हणत. त्या दिवशी वाटेत कोणी पेट्रोल भरायचं नाही. अत्तर, क्रीम, नेलपॉलिश नको. पान, तंबाखू नको. पेट्रोलच्या गाडीत बसायचं नाही. हा शब्द ऐकून माझं डोकं आधी तडकलं होतं. माहेरी या शब्दाचा जाच मी पाहिलेला होता. मी सरळ विचारलं, "बायका चालतात का तुमच्या सोवळ्यात?"

"स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आलेला ब्रह्मदेवही चालत नाही," सर म्हणाले. "बाकी सगळे चालतात."

मी सगळे नियम टाइप करून भिंतीला चिकटवले.

आम्ही नमुन्यांना जायचो ते बॅटरीवरच्या रिक्षातून. रिक्षावाला लल्लन बनारसचा, त्यामुळे पानाचा नियम त्याच्या जिवावर येई.

"पंडितजी, बिना पान के हमारा इंजन स्टार्ट नहीं होता."

"तुम्हारा इंजन बैटरी का है, लल्लन."

नदीकाठच्या कामासाठी होडी घ्यावी लागली तर सर वल्ह्याचीच घेत. बालाजी घाटावर एक नावाडी त्यांना नेहमी छेडायचा, "का गुरु, मोटर लगा दें? कि गंगाजी को छींक आ जाएगी?" सर म्हणायचे, "गंगाजी को नहीं, हमारी बोतल को." आणि होडीत मांडीवर बर्फाची पेटी घेऊन ताठ बसायचे.

या सगळ्याच्या मध्यभागी होती एक बाटली. प्रयोगशाळेतल्या अगदी शुद्ध पाण्याची. ती नमुन्याच्या रिकाम्या बाटल्यांबरोबर पेटीतून जायची. जागेवर पोचलो की सर तिचं झाकण उघडत, तिथल्याच हवेत तिच्यातलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतत, झाकण लावत आणि परत आणत. बोअरच्या पाण्याशी तिचा काही संबंध नसे. तपासणीत तिच्यात काही सापडायला नको. सापडलं, तर ते पाण्यातलं नाही, आपण वाटेत कुठून तरी आणलेलं आहे. पुस्तकात तिला ब्लँक म्हणतात. सर तिला करवली म्हणत.

"लग्न तिचं नसतं. पण ती बरोबर जाते, सगळं बघते आणि घरी येऊन खरं सांगते."

लल्लनही पेटी उचलताना विचारायचा, "करौली बैठ गईं?"

एका जानेवारीत वॉर्डनबाई आल्या. शहराबाहेरच्या रस्त्यावर एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, त्याच्या या अधीक्षक. मूळच्या काशीतल्याच मराठी घरातल्या, पन्नाशीच्या, पदर खोचून बोलणाऱ्या. वसतिगृहाच्या बोअरच्या पाण्याला काही दिवसांपासून वास येत होता. भाताला येत होता, चहाला येत होता. भिंतीपलीकडे पेट्रोल पंप. बाईंनी कोणाला न विचारता बोअर बंद केली, मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून मुली पहाटेच्या थंडीत पलीकडच्या गल्लीतल्या नळावरून बादल्या आणत होत्या आणि बाईंना शिव्या घालत होत्या.

संस्थेचे अध्यक्ष मुलींहून जास्त चिडले होते. पंपाचे मालक संस्थेचे देणगीदार. अध्यक्षांचं म्हणणं, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीला नवा रंग लावलाय, त्याचा वास. शनिवारी बैठक होती. तोवर प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही तर बोअर सुरू होणार होती आणि बाईंना जावं लागणार होतं. बाई राहायच्याही तिथेच.

"माझं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दुसरी वॉर्डन येईल ती पहिल्या दिवशी कुलूप काढेल आणि मुली ते पाणी पितील. तुम्ही लवकर करा."

सोमवारी आम्ही गेलो. धुकं इतकं होतं की सरांना श्वास रोखायला पंपच दिसला नाही. सरांनी वरून लोकरी बंडी घातली होती. लल्लन रस्त्यावरच थांबला. सर आणि मी मोटारीच्या खोलीत गेलो. बोअरचं पाणी नळातून सोडताच वास मलाही आला. सरांनी बाटल्या भरल्या, टिचक्या मारल्या, करवली उघडून ओतली, बंद केली. सगळं नियमाप्रमाणे.

बुधवारी यंत्राचा कागद आला. हे यंत्र पाण्यातलं एकेक द्रव्य वेगळं करून कागदावर त्याच्या ठरलेल्या जागी शिखर काढतं; द्रव्य जितकं जास्त, तितकं शिखर उंच. बोअरच्या पाण्याचं शिखर ठसठशीत होतं. मी बाईंना फोन करायला निघाले, तर सर म्हणाले, "थांबा."

करवलीच्या कागदावरही शिखर होतं. लहान, पण त्याच जागी.

"म्हणजे वाटेत काहीतरी लागलं," मी म्हटलं. "पण नमुन्यात पुष्कळ जास्त आहे. करवलीतलं तेवढं वजा करा आणि द्या अहवाल. वास तर आपल्या नाकांनीही घेतलाय."

"नाकाची सही चालत नाही, ताई."

"मग वजाबाकी तरी चालू द्या."

"सोयर आलं तर तुम्ही निम्मं वजा करता का? करवलीत इतकं आलं, म्हणून नमुन्यातही तितकंच आलं असेल हे कशावरून? जास्त आलं असेल. सगळंच तिथून आलं असेल. माहीत नाही. मला माहीत नाही, असा अहवाल देऊ?"

त्यांनी तो निकाल रद्द केला. बाईंना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला. तासाभरात प्रयोगशाळेत हजर झाल्या.

"पाण्यात पेट्रोल आहे की नाही?" त्यांनी सरांना विचारलं.

"मला वाटतं, आहे."

"मग लिहून द्या."

"वाटतं ते लिहून देता येत नाही, बाई. पंपवाल्याचा माणूस आमच्या बाटल्यांचे कागद मागेल. करवलीचा कागद बघेल आणि म्हणेल, पेट्रोल तुमच्याच हातांनी आणलंत. आणि ते खोटं नसेल."

"वा! तुमची करवली सोवळ्यात राहावी म्हणून माझ्या मुलींनी ते पाणी प्यायचं?"

सर उभे होते ते खाली बसले. म्हणाले, "शुक्रवारपर्यंत वेळ द्या. पण आधी ते कुठून आलं हे सापडलं पाहिजे. नाहीतर परत तेच होईल."

बाई गेल्या आणि सर शोधाला लागले. त्यांना मी इतकं उत्साही कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला. बाईंचं घरदार पणाला लागलंय आणि हा माणूस शीळ घालतोय! पण शोध पद्धतशीर होता, हे मला कबूल करावं लागलं. सोमवारी करवलीत भरलेल्या शुद्ध पाण्याची आणखी एक बाटली प्रयोगशाळेतच राहिली होती. ती तपासली, स्वच्छ. एक बाटली पेटीतून जाऊन न उघडता परत आली होती. तीही स्वच्छ. म्हणजे पाणी चांगलं, पेटी चांगली, रस्ता चांगला. जे काही झालं ते झाकण उघडल्यावर झालं.

"मग पंपाचीच हवा," मी म्हटलं.

"असू शकेल. पण त्याआधी आपण."

त्यांनी सोमवारचे कपडे घालून यायला सांगितलं. गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेच्या गच्चीवर नाटकाची तालीम असावी तसे आम्ही उभे राहिलो. पंप तिथून कुठल्या कुठे. लल्लनची साक्ष आधी झाली.

"हम तो सड़क पर थे, पंडितजी. अंदर झाँके तक नहीं."

"पान?"

"माँ कसम, नहीं."

तरी त्याच्या जाकिटाजवळ शुद्ध पाण्याची एक बाटली उघडून बंद केली. एक माझ्या शालीजवळ. मी मनात सोमवारची सकाळ आठवत होते: क्रीम नाही, तेल नाही, रिक्षा बॅटरीची. तरी मी शालीचं टोक हुंगून पाहिलं. शेवटची बाटली सरांनी स्वतःच्या बंडीजवळ उघडली, केवळ क्रम पुरा करायचा म्हणून.

यंत्रानं कागद दिले. लल्लन स्वच्छ. मी स्वच्छ. तिसऱ्या कागदावर ते शिखर, त्याच जागी.

"सापडलं!" सर ओरडले. लहान मुलासारखे हसले, कागद माझ्यापुढे नाचवला. मग हसू तसंच चेहऱ्यावर असताना त्यांनी मान खाली घालून बंडीकडे पाहिलं.

लल्लन हळूच म्हणाला, "पंडितजी, आप?"

दुपारी मी त्यांच्याबरोबर रामघाटला गेले. एकटे जायला ते तयार नव्हते. वहिनी ओट्याशी भाजी चिरत होत्या. सत्तरीच्या, काटक, दिराला अरे-तुरे करणाऱ्या. सरांनी बंडी पुढे धरली आणि विचारलं, "वहिनी, ही कशानं धुतली?"

"धुतली कुठे? समईचं तेल सांडून घेतलं होतंस ना पुढ्यात? लोकरीला पाणी लावलं तर आटते मेली. बाळ्याच्या स्कूटरमधून वाटीत थोडं पेट्रोल काढलं नि घासली. चार दिवस वाऱ्यावर ठेवली होती. का रे? वास येतोय अजून?"

पुतण्यानं दिवाळीत स्कूटर घेतली होती. सरांना ते माहीत होतं. ती खाली गल्लीच्या तोंडाशी उभी असे आणि नमुन्याच्या दिवशी सर तिला वळसा घालून जात. आपल्या घरातल्या खुंटीवरचे कपडे मात्र त्यांनी कधी हुंगले नव्हते. आमच्या सगळ्यांच्या घरांवर त्यांचे नियम होते. माझ्या हातांचा ते वास घेत. स्वतःचं घर सोवळ्यातच आहे, हे ते धरून चालले होते.

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी बंडीवर हात फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "डाग छान निघालाय. हेच विचारायचं होतं."

जिना उतरताना मी म्हटलं, "सांगायला हवं होतं. परत करतील त्या."

"परत मी बंडी घालणार नाही," सर म्हणाले. "त्यांना या वयात दोष कशाला? पेटीजवळ मी होतो."

बंडी सोडून ते थांबले नाहीत. शुक्रवारी पहाटे, सूर्याचा पत्ता नाही अशा गारठ्यात, ते नुसत्या सुती धोतर-सदऱ्यात आले. स्वतः साबणानं धुऊन रात्रभर गच्चीवर वाळवलेला सदरा, अजून दमट. लल्लननं कांबळं पुढे केलं, ते त्यांनी हुंगून परत दिलं. बाटल्या भरताना त्यांचे दात वाजत होते. टिचकी मारायची तर बोट थरथरत होतं, म्हणून टिचक्या मी मारल्या. वॉर्डनबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सरांना काही विचारलं नाही. मला विचारलं, "असे ओलेत्यानं आलेत, यांचं कोणी गेलंय का?"

त्याच संध्याकाळी कागद आले. करवली स्वच्छ. बोअरच्या पाण्यात शिखर होतं. सोमवारपेक्षा ठेंगणं, पण होतं.

शनिवारच्या बैठकीला सर मला घेऊन गेले. अध्यक्षांनी आधी बाईंना मोटारीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. बाईंनी ठेवली. मग सरांनी अहवाल वाचला आणि वाचायला सुरुवात केली ती स्वतःच्या चुकीपासून. पहिला नमुना का रद्द झाला, नमुना घेणाऱ्याच्या कपड्याला पेट्रोल कसं लागलं होतं, ते कसं शोधलं, सगळं. वहिनींचा उल्लेख तेवढा नव्हता. बाईंचा चेहरा उतरत गेला. मीही टेबलाखाली बोटं आवळली. व्यवहार जाणणारा कोणीही हे आधी वाचणार नाही.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले.

"पंडितजी, पहली रिपोर्ट आपने खुद खारिज की. गलती भी आपकी निकली. आँकड़ा भी घट गया. अब दूसरी पर हम भरोसा क्यों करें?"

"इसीलिए," सर म्हणाले, "कि पहली खारिज की."

पंपवाल्यांच्या बाजूनं आलेल्या वकिलानं करवलीचा कागद मागून घेतला, मग गच्चीवरच्या बाटल्यांचे, मग सगळेच. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. विचारण्यासारखं जे होतं ते सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. त्यानं कागद नीट जुळवून अध्यक्षांपुढे सरकवले.

"तो फिर नगर निगम को लिखना पड़ेगा, पाइप के लिए," अध्यक्ष अखेर म्हणाले. "और पंपवालों को भी, कि टंकी की जाँच करें."

वॉर्डनबाईंनी ठरावाची वाट पाहिली नाही. टेबलावरची किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि मुलींना सांगायला निघून गेल्या.

मला वाटलं, सर आज तरी खूष असतील. बाहेर लल्लन रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पीत उभा होता. त्यानं आम्हालाही कुल्हड दिले. गारठ्यात तो चहा फार बरा वाटला. सरांनी मात्र कुल्हड नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. त्यांची नजर पंपावरून वसतिगृहाच्या भिंतीवर गेली, तिथून उतारानं रस्त्याकडेनं येत येत टपरीपाशी थांबली.

"भैया," त्यांनी चहावाल्याला विचारलं, "पानी कहाँ से लाते हो?"

"बोरिंग का है, बाबूजी. यहीं पीछे का. पूरा मोहल्ला यही पीता है."

मी कुल्हड खाली ठेवला. लल्लनचा केव्हाच संपला होता.